"हा आता दमलेला नाही"

पत्राचा सारांश: एका वडिलांनी लिहिलं आहे. मुलगी ८ वर्षांची. शाळेत कलेच्या तासाला मिश्र माध्यमातलं शिल्प करायचं होतं. घरातल्या टाकाऊ वस्तू न्यायच्या, थोडं काम शाळेत, उरलेलं घरी आणि शेवटी प्रदर्शन. मुलीने पुठ्ठ्याची खोकी, तार, जुन्या चादरीच्या चिंध्या आणि बाटल्यांची बुचं घेऊन हत्ती करायला घेतला. तीन आठवडे ती त्यातच होती. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री वडिलांनी तो पहिल्यांदा नीट पाहिला. सोंड लोंबलेली, अंग एका बाजूला कललेलं, चिंध्यांची टोकं बाहेर आलेली. पालकांच्या गटावर इतर मुलांच्या शिल्पांचे फोटो येत होते आणि ती सगळी देखणी होती. मुलगी झोपल्यावर वडील रात्री दीडपर्यंत बसले. त्यांनी हत्ती सरळ उभा केला, जाड तार घालून सोंड वर उचलली, चिंध्या कापल्या आणि अंगभर राखाडी रंग दिला. प्रदर्शनात हत्तीचं खूप कौतुक झालं. मुलगी मात्र त्याच्याजवळ उभी राहिली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "हा आता दमलेला नाही." त्याला महिना झाला. तिने तेव्हापासून कागद-कात्रीला हात लावलेला नाही. पुढचा प्रकल्प मातीचा आहे. त्याबद्दल विचारलं की म्हणते, "बाबा, तूच कर." वडील विचारतात, "तिचं हसं होऊ नये एवढंच माझ्या मनात होतं. हा नुसता रुसवा आहे, की मी खरंच काही बिघडवलं? आणि तिच्या हातात कला नसेलच, तर तिला उगाच यात का ढकलायचं?"

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुमच्या लेकीचं आहे. तुम्ही ते रुसव्याचा पुरावा म्हणून लिहिलंत. मी ते तीन-चार वेळा वाचलं आणि मला त्यात रुसवा सापडला नाही. तिने हत्तीकडे पाहिलं आणि त्याच्यात काय बदललं ते अचूक सांगितलं.

तिने नुसता हत्ती केला नव्हता, दमलेला हत्ती केला होता. दमलेल्याचे खांदे पडतात, हात लोंबतात, तो जमेल तिथे टेकतो. सोंड खाली होती, अंग एका कुशीला झुकलं होतं, चिंध्या सुटून आल्या होत्या. तुम्ही नेमक्या ज्या तीन गोष्टी दुरुस्त केल्यात, त्याच तीन गोष्टींतून तिचा हत्ती दमला होता. म्हणून सकाळी तिला जो हत्ती दिसला तो चांगला असेल, सुंदरही असेल, पण तिच्या ओळखीचा नव्हता. आपलं वाक्य कुणी पुसून त्याच अक्षरात दुसरंच वाक्य लिहून ठेवावं आणि खाली आपलंच नाव असावं, तसं काहीसं. त्याच्याजवळ ती कशी उभी राहणार?

तुम्ही म्हणाल, अहो, तार बारीक होती म्हणून सोंड पडली, आणि पडल्यावर तिने त्याला दमलेला म्हणायला सुरुवात केली. असेल तसंही. पण त्याने मुद्दा बदलत नाही. शिल्प बऱ्याचदा असंच घडतं. हातातली वस्तू आपल्या मनाप्रमाणे वागत नाही, करणारा क्षणभर थांबतो, बघतो आणि म्हणतो, "बरं, मग हा दमलाय." सोंड पडल्याचं पाहून तिने हत्ती टाकून दिला नाही, रडत तुमच्याकडे आली नाही. पडलेल्या सोंडेला तिने अर्थ दिला. ८ वर्षांच्या मुलीने एवढं करावं, याचा मला तरी आदर वाटतो. तिच्या हातात कला आहे का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. त्याचं अर्धं उत्तर मला इथेच मिळालं.

रात्री दीडपर्यंत जागून तुम्ही जे केलंत त्यात माया होती, हे मी मनापासून मानते. दुसऱ्या दिवशी काम असताना कुणी उगाच पुठ्ठ्याच्या हत्तीसाठी जागत नाही. तरी एक गोष्ट तुम्हाला स्वतःशी तपासायला सांगते. "तिचं हसं होईल" ही भीती कुठून आली? तुमच्या लेकीला ती वाटत असल्याचं पत्रात कुठेही नाही. तीन आठवडे ती आनंदाने काम करत होती. भीती आली ती फोटो पाहिल्यावर, आणि फोटो तुम्ही पाहिलेत, तिने नव्हे. अशा गटावर एकापाठोपाठ एक देखण्या वस्तू येऊ लागल्या की भल्याभल्या पालकांचा धीर सुटतो. मग रात्री एका घरात गोंद निघतो, दुसऱ्या घरात रंग निघतो, आणि सकाळी टेबलावर पालकांचीच शिल्पं मांडलेली असतात. ज्या मुलांनी खरंच आपल्या हाताने केलं, तीच त्यात ओबडधोबड दिसतात. म्हणजे तुम्ही ज्या भीतीपोटी हत्ती सरळ केलात, तीच भीती तुमच्या सरळ हत्तीने आणखी एखाद्या घरात पोचवली असेल. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. हे चक्र एका घरात थांबलं तरी शेजारच्या घराला जरा मोकळा श्वास घेता येतो, म्हणून लिहिते.

आता हाताविषयी. तुम्ही हत्तीचा 'सफाईदारपणा' पाहिलात. मला तो हत्ती उभा होता, हे जास्त मोठं वाटतं. पुठ्ठ्याचा चार पायांचा प्राणी उभा करणं किती अवघड असतं ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. पन्हळी पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या ठेवल्या तर पाय वजन पेलतात, त्याच आडव्या गेल्या की पाय दुमडतात. डोकं जड झालं की सगळा डोलारा पुढे येतो, मग मागे वजन वाढवावं लागतं किंवा पुढचे पाय रुंद ठेवावे लागतात. पुठ्ठ्याला पुठ्ठा गोंदाने धरतो, तारेला मात्र गोंद धरत नाही. ती टोचून, आतून पिळून अडकवावी लागते. बूच गुळगुळीत असतं, ते निसटतं. तुमच्या मुलीने हे सगळे प्रश्न कसे सोडवले, मला माहीत नाही, पण सोडवले, कारण तुम्ही हात लावण्याआधी हत्ती कललेला होता, पडलेला नव्हता. कलूनही न पडणं हे सरळ उभं राहण्यापेक्षा कठीण असतं.

लहान मुलांच्या कलेचा आयुष्यभर अभ्यास केलेले व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाचे शिक्षक होते. व्हिएन्नात त्यांनी अंध आणि कमी दिसणाऱ्या मुलांबरोबर मातीकाम केलं, पुढे अमेरिकेत गेले आणि १९४७ मध्ये त्यांनी आपली मांडणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांचं एक निरीक्षण मला सतत उपयोगी पडतं. मूल डोळ्यांना दिसतं ते मापात करत नाही. त्याला जे महत्त्वाचं वाटतं, जे अंगाला जाणवतं, ते मोठं करतं, आणि जे बिनमहत्त्वाचं ते लहान करतं किंवा सोडूनच देतं. चेंडू झेलणाऱ्या माणसाचे हात अंगापेक्षा लांब होतात. दात दुखत असेल तर तोंड चेहराभर होतं. मोठ्यांना ती चूक दिसते. मुलासाठी तेच सांगायचं असतं. लोवेनफेल्ड यांच्या मते साधारण नवव्या वर्षाच्या आसपास मुलं आपल्या कामाची तुलना खऱ्या वस्तूशी आणि दुसऱ्यांच्या कामाशी करू लागतात. "मला येत नाही" हे वाक्य याच वयात ऐकू येऊ लागतं, आणि कित्येक मुलं ते म्हणतात आणि कायमची थांबतात. तुमची मुलगी ८ वर्षांची आहे, त्या उंबरठ्यावर आहे. म्हणून मला महिनाभराच्या थांबण्याची काळजी वाटते. पण महिना हा फार मोठा काळ नाही. अजून सगळं हातात आहे.

रंगाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हे बहुतेक पालकांच्या ध्यानात येत नाही आणि चांगल्या हेतूने सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. मिश्र माध्यम म्हणजे वेगवेगळ्या वस्तू एकत्र येतात आणि तरी प्रत्येक आपलं मूळपण राखते. कापड कापडासारखंच दिसतं, बूच बुचासारखंच. बघणाऱ्याला एकाच वेळी दोन गोष्टी दिसतात, हे बूच आहे आणि हा डोळाही आहे. मजा त्या दोन्हींच्या मधे असते. पिकासोने १९४२ मध्ये सायकलचं सीट आणि हँडल एकमेकांना जोडून बैलाचं डोकं केलं. आपल्याला सीट दिसतं, हँडल दिसतं, आणि बैलही दिसतो. त्यातली एक ओळख जरी पुसली गेली तरी काही उरत नाही. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये शांतिनिकेतनात उघड्यावर संथाळ आदिवासी कुटुंबाचं शिल्प उभं केलं, ते सिमेंट आणि तांबड्या मातीच्या खड्यांचं. त्यांनी तो खडबडीतपणा गिलावा करून झाकला नाही. चालत जाणाऱ्या कष्टकरी माणसांच्या अंगावर तोच शोभतो. तुमच्या लेकीच्या हत्तीच्या अंगावर जुनी चादर होती. कुणाची होती ती चादर? किती वर्षं वापरून विरली होती? दमलेल्या हत्तीला विरलेल्या चादरीचं कातडं देणं हा निर्णय आहे, मग तो तिने ठरवून घेतलेला असो वा हाताने आपसूक घेतलेला असो. राखाडी रंगाचा एक हात सगळ्यावर फिरला आणि चादर, पुठ्ठा, बूच सगळं एकसारखं झालं. नीटनेटकं झालं हे खरं, पण त्या वस्तूंना जे सांगायचं होतं ते बंद झालं.

आता पुढे काय करायचं.

पहिली गोष्ट, माफी मागा. लांबलचक नको, त्यासाठी मोठा प्रसंग उभा करायला नको, सोबत नवीन रंगपेटीही नको. भेटवस्तूबरोबर आलेली माफी मुलांना सौद्यासारखी वाटते. ती आणि तुम्ही दोघंच असाल, हात कशात तरी गुंतलेले असतील, अशा वेळी म्हणा, "मी तुला न विचारता तुझा हत्ती बदलला. तो दमलेला होता, हे मला कळलंच नाही. मी चुकलो." आणि थांबा. "पण मी तुझ्या भल्यासाठीच..." हे वाक्य ओठांवर येईल, ते गिळा. ते खरं असलं तरी ते तुम्हाला मोकळं करण्यासाठी असतं, तिच्या काही उपयोगाचं नसतं. ती काही बोलणार नाही कदाचित. चालेल. मग दोन-चार दिवसांनी, सहज, एक प्रश्न विचारा. पत्रावरून वाटतं की तुम्ही तो अजून विचारलेला नाही. तो हत्ती कशाने दमला होता? कुठून चालत आला होता? उत्तर आलं तर ऐका, त्यातून काही धडा काढू नका.

हत्तीचं काय करायचं हे तिला ठरवू द्या. तिला विचारा की तार काढून सोंड पुन्हा खाली करायची का, की आहे तसा ठेवायचा, की सुटा करून त्यातली बुचं आणि तार दुसऱ्या कशासाठी वापरायची. रंग पूर्ण निघणार नाही हे आधीच सांगा, खोटी आशा नको. त्यावर नव्या चिंध्या चिकटवता येतील, पण हे तिने विचारलं तरच सुचवा. ती जर म्हणाली "फेकून दे", तर लगेच फेकू नका. "आत्ता कपाटावर ठेवतो, पुढच्या महिन्यात पुन्हा विचारतो" म्हणा आणि खरंच विचारा. त्या वेळीही नको म्हणाली, तर तिच्यादेखत सुटा करा.

शाळेला सांगायचं का? मी दोन्ही बाजूंनी विचार केला. न सांगितलं तर मुलीच्या मनात राहतं की आपल्या नावावर दुसऱ्याचं कौतुक झालं, आणि बाबांनाही ते चालतं. सांगितलं आणि ते वर्गात सगळ्यांसमोर आलं, तर तिला नव्याने लाज. म्हणून मधला मार्ग. तिला आधी विचारा, "मी बाईंना सांगू का, की शेवटचं काम मी केलं होतं?" ती हो म्हणाली तर बाईंना एकटं भेटून दोन वाक्यांत सांगा. त्यांच्यासाठी ही नवी गोष्ट नसणार. ती नको म्हणाली तर तूर्तास थांबा, पण विचारल्याशिवाय राहू नका. तुम्ही सांगायला तयार आहात हे तिला कळणं सगळ्यात महत्त्वाचं.

आता "बाबा, तूच कर" या वाक्याकडे येऊ. तुम्हाला त्यात आळस किंवा टोमणा दिसला असेल. मला त्यात एक सरळ हिशेब दिसतो. शेवटी जे टेबलावर जाणार ते बाबांचंच असणार, तर आधी तीन आठवडे मी कशाला घालवू? या हिशेबाला शब्दांनी उत्तर देता येत नाही. तुम्ही शंभर वेळा "नाही गं, या वेळी मी हात लावणार नाही" म्हणालात तरी ती विश्वास ठेवणार नाही, आणि तिने का ठेवावा? ते तिला दिसायला हवं. मी मुलांबरोबर मातीत बसायला लागले तेव्हा माझाही हात सारखा पुढे जायचा. एका मुलाच्या माणसाची मान मी बोलता बोलता नीट केली आणि त्याने उठून गोळा माझ्यासमोर ठेवला, एक शब्द न बोलता. तेव्हापासून मी मुलांमागे उभी राहते ती हात पाठीमागे धरून. खरोखर धरून. सोपा उपाय आहे, पण हातांना लगाम बसतो.

मदत करायचीच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. तसं म्हणणारेही आहेत, आणि मला ते पटत नाही. मातीला स्वतःचे नियम असतात आणि ते मुलाने एकट्याने चार वेळा काम मोडून शिकावेत, हा हट्ट मला निष्ठुर वाटतो. मी रेघ अशी ओढते. माती कशी वागते, ते सांगा. मातीतून काय करायचं, ते तिचं. पायाचा सांधा सुटतोय हे तुम्ही दाखवू शकता, पाय किती हवेत हे तुम्ही ठरवायचं नाही. धारदार पात्याने कापायचं काम तुमचं, पण कुठे कापायचं ती रेघ तिने काढायची. आणि प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, हात लावण्याआधी विचारायचं, "धरू का?"

मातीचे हे नियम थोडक्यात. काम सुरू करण्याआधी माती चांगली मळून घ्या म्हणजे आतली हवा आणि गाठी जातात. हे काम तुम्ही करू शकता, त्यात कुणाची कल्पना मोडत नाही. दोन भाग जोडताना नुसते दाबून चिकटवले तर वाळल्यावर ते हमखास सुटतात. दोन्हीकडे काडीने ओरखडे काढायचे, मधे त्याच मातीचं दाट चिखलपाणी लावायचं, मग दाबायचं आणि सांध्यावरून बोट फिरवून माती एकजीव करायची. बारीक शेपूट आणि जाड पोट एकाच वस्तूत असेल तर शेपूट आधी वाळते, आकसते आणि तडकते. म्हणून बारीक भागांवर ओलं फडकं टाकायचं आणि सगळं सावकाश वाळू द्यायचं, उन्हात नाही. मोठा गोळा असेल तर खालून चमच्याने पोकळ करायचा आणि भिंत बोटभर जाडीची ठेवायची. काम अर्धवट सोडायचं असेल तर ओल्या फडक्यात आणि वरून प्लास्टिकच्या पिशवीत. झाल्यावर जमिनीवरची वाळलेली माती झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती बारीक धूळ छातीत जाणं चांगलं नाही.

एक गंमतीची गोष्ट पाहा. काही मुलं एका गोळ्यातून पाय, डोकं ओढून बाहेर काढतात. काही मुलं पाय वेगळे, डोकं वेगळं करून जोडतात. लोवेनफेल्ड यांनी या दोन पद्धती नोंदवल्या होत्या, आणि त्यांचं म्हणणं होतं की मुलाची जी पद्धत असेल तिला धक्का लावू नये, कारण ती त्याच्या विचाराची पद्धत असते. ओढून काढणाऱ्याला आधी सगळं दिसतं, मग भाग. जोडणाऱ्याचं उलट. ओढून काढलेल्या वस्तूचे भाग सहसा सुटून येत नाहीत. म्हणून "असं कर, मोडणार नाही" हे सांगायचा मोह होतो. तुमची मुलगी जोडणारी असेल, हत्तीवरून तसं वाटतं. तर तिला पद्धत बदलायला न सांगता सांधा नीट कसा करायचा ते दाखवा.

तुम्ही तिच्या शेजारी बसून आपलं काही करावं का? मला वाटतं, करावं, पण आकृती करू नका. तुमचा घोडा तिच्या घोड्यापेक्षा चांगला झाला तर ती पुन्हा थांबेल, आणि मुद्दाम वाईट केलात तर ते तिच्या लगेच लक्षात येईल. वळ्या वळा, वाटी करा, गोळे मळून ठेवा. हात मातीत असले की तोंडातून सूचना कमी निघतात.

बोलण्याबद्दलही थोडं. "हे काय आहे?" हा प्रश्न टाळा. तो विचारला की मुलाला वाटतं, ओळखू आलं नाही म्हणजे जमलं नाही. "वा, सुंदर" हेही फारसं कामाचं नाही. त्यापेक्षा जे दिसतं ते म्हणा. "इथे तू बोटाने दाबलंयस, त्याचे ठसे राहिलेत." "हा मागचा भाग जड झालाय." मूल स्वतःच पुढे बोलू लागतं, किंवा बोलत नाही आणि काम करत राहतं. दोन्ही छान. आणि शिल्पाभोवती फिरा. आपण मोठी माणसं सगळं समोरून फोटोसारखं बघतो. मुलांनी मागच्या बाजूला बऱ्याचदा काहीतरी करून ठेवलेलं असतं आणि ते कुणी पाहत नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी खरोखरच काही मोडलं तर? मुलाला दाखवा, दोन मार्ग सांगा आणि निवडू द्या. उघड दिसणारा टेकू लावायला लाजू नका. काडीचा टेकू असलेलं शिल्प मुलाचंच राहतं. रात्रीत गुपचूप बदललेलं राहत नाही.

याच वळणावर असलेल्या दुसऱ्या पालकांसाठी, घरात कायमचं काय ठेवावं असं कुणी विचारलं तर माझं उत्तर फार साधं आहे. एक खोकं. त्यात पुठ्ठे, दोरा, सुतळी, चिंध्या, बुचं, काड्या, मऊ तार. एक कात्री जी खरंच कापते, पांढरा गोंद, चिकटपट्टी. तारेचं टोक पक्कडीने वळवून ठेवा, डोळ्यांना धोका तिथेच असतो. गरम गोंदाची बंदूक मुलाच्या एकट्याच्या हाती देऊ नका, तिच्या टोकाने आणि वितळलेल्या गोंदाने चांगलंच भाजतं. आणि एक कोपरा हवा, जिथे अर्धवट काम रात्रभर तसंच राहील. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर लहान असताना त्याला घराच्या तळघरात काम करायला जागा मिळाली होती. १९०९ मध्ये, अकरा वर्षांचा असताना, त्याने पितळेचा पत्रा कापून आणि वाकवून एक कुत्रा आणि एक बदक केलं आणि आई-वडिलांना भेट दिलं. बदकाला टिचकी मारली की ते डुलतं. वडील स्वतः शिल्पकार होते, आई चित्रकार. मुलाच्या वस्तूंमध्ये काय 'सुधारता' येईल हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असतं? पण त्या दोन्ही वस्तू आजही जपलेल्या आहेत. पुढे हलती शिल्पं करणाऱ्या माणसाचं ते पहिलं हलणारं काम.

हे सदर वाचणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. शक्य असेल तर शिल्पाचं सगळं काम शाळेतच करून घ्या. घरी पाठवलेल्या कामात घर मिसळतंच. प्रदर्शनात प्रत्येक वस्तूशेजारी मुलाच्या स्वतःच्या शब्दांतली एक चिठ्ठी ठेवा, काम चालू असतानाचे एक-दोन फोटो लावा. इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहरात लोरिस मालागुझ्झी यांनी जी बालशाळांची पद्धत घडवली, तिथे वर्गाला जोडून कलेची कार्यशाळा असते आणि मुलं काम करताना काय बोलली हे लिहून कामाशेजारी मांडलं जातं. "हा दमलेला हत्ती आहे, तो फार लांबून आलाय" अशी एक चिठ्ठी त्या टेबलावर असती, तर कललेल्या हत्तीसमोर लोक थांबले असते. आणि या वयात पहिला-दुसरा-तिसरा नकोच.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, ढकलायचं का. ढकलू नका. तिला पुढे शिल्प आवडेल की नाही हे मला सांगता येणार नाही, आणि ते ठरायची ही वेळही नाही. तिने गाणं निवडलं, गणित निवडलं, धावणं निवडलं, तर आनंदच आहे. फक्त "मला येत नाही" म्हणून तिने माती सोडावी असं होऊ नये, कारण तिला येतं.

प्रकल्प कधी द्यायचा आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. वाळायलाच एक आठवडा धरा, म्हणजे घाई झाल्यावर तुमचेच हात पुढे जाणार नाहीत. या शनिवारी सकाळी माती भिजवून मळा, दोन पाट मांडा, एकावर तुम्ही बसा. तिला हाक मारू नका. वळ्या वळत राहा. ती आली तर सरकून जागा द्या. नाही आली तर तिच्या वाटणीचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि रविवारी फडकं पुन्हा ओलं करा.